नवे कार्ड आणि जुनी वायर

बोरिवली आणि मुलुंड ही मुंबईची दोन उपनगरे. नकाशात पाहिले तर दोहोंच्या मध्ये फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. पण माणसाला लोकलने जायचे तर दादरला वळसा घालावा लागतो. मी मुलुंडला राहतो, माझी धाकटी बहीण बोरिवलीला. त्यामुळे आमच्या भेटी सणावारीच. २०२५ च्या मे महिन्यात मात्र तिचा आठवड्यात दोनदा फोन आला. "दादा, एकदा येऊन जा. पोरानं अडीच लाखांचं काय आणलंय ते बघ. मी इस्त्री लावली की ते बंद पडतं."

मी अर्थशास्त्राचा एम.ए.; इंजिनियर नव्हे. पण कुटुंबात एक प्राध्यापक असला की तो सर्वज्ञ, अशी आपल्याकडे समजूत आहे. तेव्हा गेलो. तिथे जे पाहिले, विचारून घेतले आणि वाचून पडताळले, ते तुम्हाला सांगतो. खेड्यातल्या मंडळींना वाटेल, हा शहरी पोरांचा छंद, आपला काय संबंध? पण तालुक्याच्या गावी लग्नाच्या व्हिडिओचे आणि फ्लेक्सचे काम करणारी पोरे आता हेच कार्ड मागू लागली आहेत. शाळेच्या संगणकासाठी ते घ्यावे का, असे दोन शिक्षकांनीही मला विचारले आहे.

आधी भाच्याचा धंदा सांगतो. आमच्या उपनगरांत जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभारण्याची लाट आली आहे. घाटकोपर म्हणा, मुलुंड म्हणा, बोरिवली म्हणा, गल्लोगल्ली पुनर्विकासाच्या सभा चालतात. अशा सभेत बिल्डर एक फिल्म दाखवतो. अजून न बांधलेल्या इमारतीच्या दारातून आपण आत शिरतो, लिफ्टने वर जातो, दिवाणखान्यात ऊन पडलेले असते, गॅलरीतून खाली झाडे हलताना दिसतात. धंद्यात याला 'वॉकथ्रू' म्हणतात. माझा भाचा ते तयार करतो. मौज अशी की तो स्वतः राहतो ती इमारत १९७८ सालची, आणि तिच्या पुनर्विकासाची फाइल सहा वर्षे हललेली नाही.

आता तुम्ही विचाराल, ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेमके काय? संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. हलते चित्र अडखळल्यासारखे दिसू नये म्हणून ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढायची. म्हणजे एका सेकंदात १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो मुख्याध्यापकांसारखा आहे. अवघड उदाहरण पटकन सोडवील. पण हजारो सोप्या बेरजा त्या एकट्याच्या पुढ्यात टाकल्या तर दिवस मावळेल. त्याच बेरजा शाळेतल्या सगळ्या मुलांना एकेक वाटून द्या, शिट्टीसरशी होतील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही मुलांची रांग. एन्व्हिडिया कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० नावाचे कार्ड बाजारात आणले, त्यात अशी २१,७६० 'मुले' आहेत. त्याच्या आधीच्या ४०९० मध्ये १६,३८४ होती.

या मुलांना लिहायला एक फळा लागतो. तो म्हणजे कार्डावरची मेमरी. सगळे उदाहरण फळ्यावर मावले तर काम झपाट्याने होते. मावले नाही तर उरलेला भाग शेजारच्या खोलीतून धावत जाऊन पाहून यावा लागतो, आणि मग मुले कितीही चलाख असोत, सगळा वेळ धावण्यात जातो. हा फळा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

भाच्याचे जुने कार्ड आठ जीबी मेमरीचे. दोन मिनिटांची फिल्म काढायला त्याला चौदा तास लागत, कधी मध्येच सगळे कोसळे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अंधेरीच्या एका ऑफिसाने काम काढून घेतले तेव्हा तो हादरला. स्वतःचे नव्वद हजार होते, आईची एक लाखाची मुदतठेव मोडली, बाकीचे हप्त्यांवर, आणि त्या वर्षीच्या सर्वांत वरच्या वर्गातले कार्ड घ्यायला तो लॅमिंग्टन रोडला गेला. या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर कुणालाही विचारा, लॅमिंग्टन रोडच सांगतील. उपनगरांत संगणकाची दुकाने आहेत, तरी मोठी खरेदी म्हटली की पावले तिकडेच वळतात.

तिथे पहिला मनस्ताप. कंपनीने भारतासाठी ५०९० ची सुरुवातीची किंमत जाहीर केली होती २,१४,००० रुपये. त्या किमतीला कुठेच माल नाही. एका दुकानदाराने सांगितले, "कार्ड आहे, पण सोबत मॉनिटर घ्यावा लागेल." दुसऱ्याने पक्क्या बिलाचा भाव एक आणि बिनबिलाचा दुसरा सांगितला. भाच्याने शेवटी पक्के बिल घेतले, कारण त्याशिवाय वॉरंटी नाही, पण मोजले २,४८,०००. दुकानांची नावे सांगण्यात अर्थ नाही. टंचाई असली की रेशनच्या साखरेपासून सिमेंटपर्यंत हाच खेळ आपण पाहिलेला आहे.

इथे माझ्या विषयाचे दोन शब्द बोलतो. अमेरिकेत हेच कार्ड १,९९९ डॉलरला जाहीर झाले. मग आपल्याकडे इतके महाग का, असे पोरे चिडून विचारतात. जानेवारी २०२५ मध्ये डॉलर सुमारे ८६ रुपयांना होता. गुणाकार करा : एक लाख बहात्तर हजारांच्या आसपास. त्यावर १८ टक्के जीएसटी चढवा, दोन लाख तीन हजार. अमेरिकेतली किंमत विक्रीकर सोडून सांगतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणजे जाहीर किमतीत लुबाडणूक फारशी नव्हती. खरा चटका बसतो तो टंचाईने चढलेल्या वरच्या रकमेचा.

आणि टंचाई का? एन्व्हिडियाच्या जानेवारी २०२५ अखेर संपलेल्या वर्षाच्या हिशेबात एकूण विक्री १३० अब्ज डॉलरांवर गेली. त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरांकडून आले, आणि खेळाच्या संगणकांसाठीच्या कार्डांतून केवळ ११ अब्ज. शंभर रुपयांतले अठ्ठ्याऐंशी एका गिऱ्हाइकाकडून येत असतील तर दुकानदार कोणाला आधी माल देईल? कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड गणिते सोडवायला मुलांची हीच रांग लागते. मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोली, आणि त्या पट्ट्यात डेटा सेंटरांच्या इमारती उभ्या राहिलेल्या दिसतात. २०२५ च्या अखेरीस तर या मागणीपायी संगणकाच्या साध्या मेमरीचेही भाव चढले. याआधी २०२० पासून दोन वर्षे अशीच टंचाई होती. तेव्हा इथेरियम नावाचे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोक कार्डे पोत्यांनी घेत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, खणणे थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे सेकंडहँड बाजारात आली. तशी वस्तू स्वस्त मिळाली तर जुनी मोटार घेताना पाहतो तसे आतला पंखा, घासलेले स्क्रू, सगळे पाहून घ्यावे.

कार्ड घरी आले. ते त्याच्या कॅबिनेटमध्ये मावेना! ही कार्डे तीस सेंटिमीटर आणि त्याहूनही लांब असतात, आणि शेजारच्या दोन-तीन खाचांची जागा आपल्या जाडीने व्यापतात. नवे कॅबिनेट, ९,५०० रुपये. वजनाने कार्ड खाली झुकते म्हणून त्याला आतून टेकू द्यावा लागला. मग सुरू केले, तर काम रंगात आले की संगणक फट्कन बंद. कारण जुना एसएमपीएस ६५० वॉटचा.

एसएमपीएस म्हणजे घरातली वीज संगणकाला पचेल अशी करून देणारी पेटी. आता वरच्या वर्गातल्या कार्डांची भूक कशी वाढली पाहा. २०१७ सालचे असे कार्ड २५० वॉट खाई. २०२० सालचे ३५०. २०२२ चे ४०९० हे ४५० वॉटचे, आणि २०२५ चे ५०९० हे ५७५ वॉटचे. ७५ वॉटचे साडेसात पंखे एकदम फिरवावेत तशी ही गोष्ट. त्याच्यासाठी कंपनीच १,००० वॉटचा एसएमपीएस सुचवते. तो आला, १७,००० रुपये. घरातला जुना छोटा यूपीएस हा भार पाहून केवळ किंचाळू लागला, म्हणून तो काढून ठेवला.

आणि आता बहिणीची इस्त्री. सगळा संगणक मिळून ९०० वॉट धरा. घरात वीज २३० व्होल्टने येते. ९०० ला २३० ने भागा, सुमारे चार अँपिअर. इस्त्री हजार वॉटची, तिचे सव्वाचार. पंखा, दिवे, टीव्ही यांचे मिळून अर्धा-पाऊण. बेरीज नऊ अँपिअर. आणि त्या खोलीची एमसीबी होती सहा अँपिअरची. पाच-दहा मिनिटांत ती खाली पडणारच, तिचे ते कर्तव्यच आहे. भाचा म्हणाला, "मामा, मोठी एमसीबी टाकून देतो." मी त्याला थांबवले. मुलांनो, गुरुजींनो, हे मात्र नीट ऐका. एमसीबी आहे ती भिंतीतल्या वायरीचे रक्षण करायला. वायर जुनी, बारीक. तिच्यावर दहा किंवा सोळाची एमसीबी बसवली तर बटण पडणार नाही, वायर तापेल. भिंतीच्या आत, कुणाला न दिसता.

वायरमन बोलावला. त्याने तीन पिनांचा सॉकेट उघडून दाखवला : तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती! म्हणजे अर्थिंग नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, हे भाच्याला महिनाभर ठाऊक होते; पण त्याला वाटे, हवा दमट आहे. वायरमनने मीटरच्या बोर्डापासून चार एमएमची स्वतंत्र वायर ओढली, सोळा अँपिअरचा सॉकेट बसवला, अर्थिंग जोडले. ६,५०० रुपये. सगळ्या खर्चात मला हे पैसे सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात.

कार्डाच्या आतल्या वायरीचीही एक गोष्ट आहे, आणि ती ट्रॅक्टरवाल्यांना चटकन कळेल. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाणारी केबल अंगठ्याएवढी जाड का असते? बॅटरी फक्त १२ व्होल्टची. दाब कमी, म्हणून तेवढेच काम करून घ्यायला प्रवाह जास्त लागतो, आणि जास्त प्रवाहाला जाड तार लागते. कार्डालाही वीज १२ व्होल्टनेच मिळते. ६०० वॉटला १२ ने भागा, ५० अँपिअर! इस्त्रीच्या जवळजवळ बारा पट. आणि हा प्रवाह नेणारा प्लग बोटाच्या पेराएवढा, त्यात वीज नेणाऱ्या तारा सहा. प्रत्येकीच्या वाट्याला सव्वाआठ अँपिअर येतात आणि तिची शक्ती साडेनऊच्या आसपास. म्हणजे शिल्लक फार थोडी. सहापैकी एकीचा स्पर्श नीट झाला नाही तर तिचा भार उरलेल्या पाचांवर पडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात आले आणि लगोलग प्लग वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितले की अशी सुमारे पन्नास प्रकरणे आपल्या नजरेस आली आहेत, आणि प्लग पूर्ण आत न बसवणे हे मुख्य कारण दिसते. पुढे प्लगची रचना सुधारली. तरी ५०९० च्या वेळीही काही तक्रारी झाल्याच. माझे मत विचाराल तर, प्लग अर्धवट बसला म्हणून जळणारी वस्तू दोन लाखांना विकायची आणि दोष बसवणाऱ्याच्या हाताला द्यायचा, हे मला पटत नाही. पण घरात वस्तू आहे तोवर प्लग शेवटपर्यंत दाबून बसवायचा आणि वायर तिथल्या तिथे मुरडायची नाही, एवढे आपल्या हातात आहे.

उष्णतेचे थोडक्यात सांगतो. जितके वॉट आत जातात तितकी उष्णता खोलीत येते. दहा बाय दहाच्या खोलीत मुंबईचा मे महिना, त्यात ही भट्टी. मग एसी आला. बिल किती, तेही काढून पाहू. ८०० वॉट रोज आठ तास म्हणजे ६.४ युनिट, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १६० युनिट, एसी वेगळा. बोरिवलीत वीज कंपनी निराळी, आमच्या मुलुंडला महावितरण. पण टप्प्यांची पद्धत सगळीकडे तीच. शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या पायऱ्या चढल्या की वरच्या युनिटांचा दर वाढतो. बहिणीचे बिल एक पायरी वर गेले.

आता जाहिरातीतल्या आकड्यांबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात एन्व्हिडियाने सांगितले की ५४९ डॉलरचे नवे ५०७० हे १,५९९ डॉलरच्या जुन्या ४०९० इतके काम करील. ऐकणाऱ्याला वाटेल, वा! पण त्यात एक मेख होती. नवी कार्डे एक खरे चित्र काढतात, दुसरे काढतात आणि मधली तीन चित्रे अंदाजाने भरतात. सेकंदाला चित्रे जास्त मोजली जातात आणि डोळ्याला खेळ गुळगुळीत दिसतो. ही फसवणूक नव्हे. खेळणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण दुधात पाणी घालून मापे वाढवली तर दूध वाढत नाही. भाच्याला तर या अंदाजी चित्रांचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याच्या फिल्ममधले प्रत्येक चित्र खरेच काढावे लागते.

मग एवढे सगळे करून फायदा झाला का? झाला. चौदा तासांचे काम अडीच तासांवर आले. मी त्याला विचारले, "अडीच तासांत झालेलं काम बिल्डर पाहतो कधी?" तो हसला. "चार दिवसांनी, मामा."

तेव्हा आम्ही एक प्रयोग केला, आणि हा तुम्हालाही करता येईल. विंडोज चालू असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू असे लिहिलेले असते, तिथे कार्डाची मेमरी किती भरली ते दिसते. भाच्याची सर्वांत मोठी इमारत, झाडे-मोटारींसकट, उघडली. मेमरी भरली बारा जीबीच्या आत. मी गप्प राहिलो, तोही गप्प राहिला. अडचण मुलांच्या रांगेची नव्हतीच. आठ जीबीचा फळा बारा जीबीच्या उदाहरणाला पुरत नव्हता, आणि चौदांतले बरेचसे तास धावण्यात जात होते. सोळा जीबीचे ५०७० टीआय त्याच वर्षी ८०,००० रुपयांना जाहीर झाले होते. त्यावर पाच-सहा तास लागले असते. म्हणजे रात्री लावून झोपले की सकाळी तयार. त्याची भूकही ३०० वॉटची. एकूण खर्च झाला होता २,८१,००० रुपये.

शेतकऱ्यांना हे नवे नाही. विहिरीत पाणी तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीपुरते, आणि शेजाऱ्याने दहाची बसवली म्हणून आपणही दहाची आणायची. मग स्टार्टर नवा, केबल नवी, पाइप नवा, आणि तासाभरात विहीर कोरडी.

शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. मुलांना टंकलेखन, चित्रे, स्क्रॅच, धड्यांचे व्हिडिओ एवढे करायचे असेल तर वेगळे ग्राफिक्स कार्ड मुळीच नको. बहुतेक प्रोसेसरांतच त्यापुरती सोय अंगची असते. फक्त खरेदीच्या वेळी एक पाहा : इंटेलच्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असेल तर त्यात ती सोय नसते. तो थोडा स्वस्त म्हणून दुकानदार गळ्यात मारतो, आणि मग पडद्यावर चित्र यायलाच कार्ड विकत घ्यावे लागते. वाचलेले पैसे वर्गातल्या अर्थिंगवर घाला.

भाच्याने कार्ड विकले नाही. विकायला गेला तर लगेच पन्नास हजारांनी कमी भाव सांगत होते. त्याने सॉफ्टवेअरमधून कार्डाची भूक शे-दीडशे वॉटने कमी करून ठेवली आहे; काम किंचित मंदावले, खोली मात्र बरीच थंड झाली. मुदतठेवीचे पैसे तो आईला महिन्याला पाच हजार असे परत देतो. बहिणीने वायरमन घरात आहे तोवर इस्त्रीसाठीही वेगळा पॉइंट काढून घेतला. जुने आठ जीबीचे कार्ड कपाटावर खोक्यात पडून होते, ते मी मुलुंडला आणले आहे. आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाचा एक विद्यार्थी प्रयोगांचे व्हिडिओ जुळवतो, त्याला ते द्यायचे आहे. त्याच्या एसएमपीएसवर किती वॉट लिहिले आहेत ते पाहून ये, असे त्याला सांगितले आहे. अजून आलेला नाही.